दोर्नाकल : बिशपची खुर्ची आणि मूठभर तांदूळ

धर्मांतराची आपल्याकडची चर्चा 'का केले' या प्रश्नापाशीच घोटाळते. धर्म बदलल्यावर त्या माणसांच्या हाती काय आले, सभेत कोण बसले, पैसा कोणाच्या सहीने खर्च झाला, हे विचारायचे राहून जाते. तेलंगणातल्या दोर्नाकलच्या अँग्लिकन धर्मप्रांताकडे मी या प्रश्नासाठी वळलो. सुसान बिलिंग्टन हार्पर यांचे 'इन द शॅडो ऑफ द महात्मा' (२०००) हे त्यावरचे परिश्रमपूर्वक लिहिलेले पुस्तक. खेड्यांविषयी त्यात पुष्कळ आहे. तरी ते अखेर बिशपचे चरित्र आहे. आणि खुर्चीवरून पाहिले की खाली बसलेल्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत.

कलकत्त्याचा धर्मप्रांत १८१४ चा, मद्रासचा १८३५ चा, मुंबईचा १८३७ चा. या सगळ्यांवर गोरे बिशप, आणि त्यांची नेमणूक राजसत्तेची. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात वेदनायगम सॅम्युएल अझरय्या यांना दीक्षा मिळाली आणि अँग्लिकन चर्चला पहिला भारतीय बिशप लाभला. पण त्यांना प्रांत कोणता दिला? निजामाच्या राज्यातला, ब्रिटिश हिंदुस्थानच्या हद्दीबाहेरचा. गोऱ्या कलेक्टराने काळ्या बिशपपुढे गुडघे टेकण्याचा प्रसंग येऊ नये, याची ती सोय होती, असे मी समजतो. समतेचा उपदेश करणाऱ्या संस्थेलाही रंगाची उतरंड मोडवत नव्हती. हेच अझरय्या दोन वर्षे आधी, १९१० साली, एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगून आले होते की, तुम्ही त्याग केलात, पैसा दिलात, पण बरोबरीची मैत्री दिली नाहीत. ते स्वतः तिरुनेलवेलीचे नाडार. त्यांच्याच जातीच्या स्त्रियांना शेजारच्या त्रावणकोरात छाती झाकण्याच्या हक्कासाठी १८५९ पर्यंत झगडावे लागले होते. हा माणूस अपमान पुस्तकातून शिकलेला नव्हता.

प्रांत आधी लहान होता. पुढे तेलुगू मुलखातली मिशनक्षेत्रे त्याला जोडली गेली आणि तो फुगत गेला. येणारे लोक बहुसंख्येने माला आणि मादिगा. कागदावर रचना अशी : वर बिशप, त्याच्या सल्ल्याला प्रांताची सभा, खाली विभागांच्या सभा, मग पाळकाच्या हाताखालचा गावांचा गट. पण हा सगळा डोलारा ज्याच्या खांद्यावर उभा होता, तो गावचा शिक्षक. मुलांना अक्षरे तोच शिकवी, संध्याकाळची प्रार्थना तोच चालवी. आणि त्याच्याही खाली चुलीपाशी बसलेली बाई. रांधताना ती मूठभर तांदूळ बाजूला काढी, देवळात आणून टाकी. स्वावलंबी चर्चचे जे कौतुक होते, त्याचा पाया ही मूठ.

या मुठीकडे मला दोन्ही बाजूंनी पाहावेसे वाटते. ज्यांच्या घरी उद्याच्या जेवणाची खात्री नाही, त्यांच्याकडून ती घेणे निर्दय होते. पण सवर्णाच्या वाड्यातून पिढ्यानपिढ्या शिळे मागून आणणाऱ्या हातांनी प्रथमच काही दिले, हेही खरे. देणाऱ्याला हिशेब विचारता येतो. तो त्या बाईला विचारू दिला का, हा पुढचा प्रश्न, आणि धर्मप्रांताचे इतिहास या प्रश्नापाशी फार थांबत नाहीत.

माला-मादिगांचे तसेच. आपल्याकडच्या महार-मांगांसारखीच त्यांच्यातही शिवाशिव. चर्चमध्ये एकाच प्याल्याला दोघांनी ओठ लावायचे. ही लहान गोष्ट नव्हे. कित्येक परिषदांच्या ठरावांहून मी तिला मोठी मानतो. मात्र चर्चबाहेर पाऊल टाकले की सोयरीक पुन्हा जातीतच.

१९३९ मध्ये दोर्नाकलचे कॅथेड्रल पुरे झाले. देवळाचे खांब, मशिदीचे घुमट, आणि त्यात क्रूस. भारतीयतेचा नमुना म्हणून त्याची वाहवा होते. पण ज्या देवळांच्या पायरीवर मादिगाला उभे राहू देत नसत, त्यांचेच खांब त्याच्या नव्या घरात कशासाठी? उच्चवर्णीय संस्कृती म्हणजेच भारतीय संस्कृती, हे समीकरण बिशपांनाही सुटले नाही.

राजकारणात तर फाटा स्पष्टच दिसतो. बाबासाहेब अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागत होते, त्याच काळात अझरय्या ख्रिस्त्यांसाठीचे स्वतंत्र मतदारसंघ नाकारत होते. चर्चचा राजकीय गट होऊ नये, ही त्यांची भूमिका प्रामाणिक होती. तिने गांधींचे समाधान झाले नाही. सामूहिक धर्मांतरांवरची त्यांची टीका चालूच राहिली. आणि माला-मादिगांच्या पदरी राजकीय बळही पडले नाही. भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उभा राहिला नाही, हा बाबासाहेबांचा आक्षेप त्यांच्या निधनानंतर, १९८९ साली, 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या पाचव्या खंडात छापला गेला. दोर्नाकलला तो लागू पडतो.

अझरय्या १ जानेवारी १९४५ रोजी वारले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले आणि त्यात दोर्नाकलचा प्रांत सामील झाला. तीन वर्षांनी, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती मादिगा बाहेरच राहिला. सुसाई नावाचा मद्रासचा रस्त्यावर बसणारा चांभार सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तो आदिद्रविड, ख्रिस्ती झालेला. सरकारने चर्मकारांना फुकट टपऱ्या वाटल्या, त्याला दिली नाही. ख्रिस्ती समाजातही जातीची झळ तितकीच तीव्र आहे याचा पुरेसा पुरावा समोर नाही, असे म्हणून न्यायालयाने १९८५ साली त्याचा अर्ज फेटाळला.