‘संचित’ की ‘संस्कार’? : अधिजनुकीय वारशाची परिभाषा

ज्या मुक्ताईनगरातून मुक्ताबाईंची पालखी पंढरीस निघते, तेथे ‘संचित’ हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. एपिजेनेटिक्सच्या मराठी विवेचनात हाच शब्द सहजी शिरू शकतो. आणि मग १८९९-१९०० च्या दुष्काळात खानदेशाने सोसलेली उपासमार आजच्या पिढीच्या मधुमेहात उतरली, असा युक्तिवाद उभा राहतो. तो चित्तवेधक आहे. परंतु सिद्ध नाही.

१९४२ मध्ये वॉडिंग्टन यांनी ही संज्ञा योजली ती जनुकांपासून देह कसा घडतो, या विचारासाठी. आज तिचा अर्थ असा की, डीएनएची अक्षरे तीच राहतात. त्यांवरील रासायनिक खुणा कोणते जनुक केव्हा वाचले जावे हे ठरविण्यास साहाय्य करतात. १९४४-४५ च्या डच दुष्काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका जनुकावरील अशा खुणा सहा दशकांनंतरही कमी आढळल्या, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि हा गर्भावर झालेला प्रत्यक्ष परिणाम होय, वारसा नव्हे. गरोदर स्त्री, तिचा गर्भ आणि त्या गर्भातील बीजपेशी अशा तीन पिढ्यांना एकाच उपासमारीची झळ लागते. म्हणून खरा वारसा पणतवंडांत दाखवावा लागतो. आणि मनुष्यात बीजपेशी व भ्रूण घडताना बहुतेक खुणा पुसल्या जातात. उत्क्रांतीस तर पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा भेद हवा.

महाराष्ट्रापुरता भक्कम पुरावा पुण्याजवळच्या खेड्यांतील आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तेथील अर्भके वजनाने कमी, परंतु चरबीच्या प्रमाणात तितकी उणी नसलेली आढळली. मातेच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक असता, सहाव्या वर्षी मुलांत इन्सुलिन-रोध अधिक दिसला. यास ‘अनुकूलन’ म्हणणे घाईचे ठरेल. अनुकूलन म्हणजे जगण्यात व प्रजननात लाभ. तो येथे दाखविलेला नाही. टंचाईत गर्भाने केलेली ती केवळ तडजोडही असू शकेल.

रूढ अर्थाने ‘संचित’ भोगावे लागते, शिवाय ते ज्याचे त्याचे असते. त्याऐवजी ‘संस्कार’ हा शब्द वस्तुस्थितीस अधिक जवळचा आहे. कारण संस्कार प्रत्येक पिढीवर नव्याने करावा लागतो, आणि तो बदलताही येतो. याच अभ्यासातील मुलामुलींना तारुण्यारंभी ब-१२ देऊन पुढील पिढीचे आरोग्य पाहण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला, तो याच विश्वासाने. परिभाषेची चूक येथे केवळ शब्दाची राहत नाही. पणजीच्या दुष्काळाकडे बोट दाखविले की आजच्या मातेचे ताट दृष्टीआड होते.