मौनाची रचना : लुईजी नोनो यांच्या स्ट्रिंग क्वार्टेटचा समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य चेंबर संगीतात मौन हा दोन स्वरांमधील केवळ विराम न राहता रचनेचा विषयच झालेला दिसतो. इटालियन संगीतकार लुईजी नोनो (१९२४-१९९०) यांची 'फ्रागमेंटे-श्टिले, आन डिओटिमा' ही दोन व्हायोलिन, व्हायोला व चेलो यांच्यासाठीची रचना या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९८० साली बॉन येथे लासाल क्वार्टेटने ती प्रथम सादर केली. नोनो १९५२ पासून इटालियन कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. अशा बांधिलकी मानणाऱ्या कलावंताने मौनाकडे वळणे ही माघार होती काय, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

विवेचन

मौनाचा विषय निघाला की जॉन केज यांच्या १९५२ मधील '४ मिनिटे ३३ सेकंद' या कृतीचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. परंतु दोहोंतील भेद मूलभूत आहे. केज यांच्या कृतीत वादक स्वर निर्माण करीत नाही. सभागृहातील अनाहूत ध्वनी हेच संगीत ठरते. नोनो यांचे मौन मात्र स्वरांनी घडविलेले आहे. अत्यंत मंद, तुटक स्वरखंडांनंतर कमी-अधिक लांबीचे विराम येतात. मावळलेला स्वर श्रोत्याच्या स्मरणात रेंगाळत असतानाच पुढील स्वराची अनिश्चितता त्याला सावध ठेवते. म्हणजेच येथील मौन रिक्त नसून श्रवणाची कसोटी पाहणारे आहे.

स्वरलिपीत जर्मन कवी ह्योल्डरलिन यांच्या काव्यातील तुटक शब्द विखुरलेले आहेत. ते मोठ्याने म्हणावयाचे नाहीत; वादकांनी ते मनातल्या मनात गावेत, अशी नोनो यांची अपेक्षा आहे. १९५६ मधील 'इल कांतो सोस्पेसो' या कृतीत त्यांनी मृत्युदंड झालेल्या युरोपीय प्रतिकारकांची पत्रे गायनातून मांडली होती. मात्र तेथेही काही भागांत शब्दांची अक्षरे निरनिराळ्या आवाजांत विभागली होती. त्यामुळे १९८० मधील अनुच्चारित शब्द हा आकस्मिक पालट नसून जुन्याच प्रवृत्तीचा पुढील टप्पा ठरतो.

तथापि एक आक्षेप शिल्लक राहतो. स्वरलिपी न पाहिलेल्या श्रोत्यास या शब्दांचा पत्ता लागत नाही. अर्थाचा एक भाग केवळ वादक व अभ्यासक यांच्यापुरता राखला जात असेल, तर सामूहिक मुक्तीचा पुरस्कार करणाऱ्या संगीतकाराच्या भूमिकेशी त्याचा मेळ कसा घालावा? ही या कृतीची मर्यादा मान्य केली पाहिजे.

निष्कर्ष

कोणत्याही मौनाला मागाहून राजकीय अर्थ चिकटविता येतो. म्हणून रचनाकाराच्या पक्षनिष्ठेवरून मौनाचे मूल्य ठरविणे योग्य नव्हे. ते मौन ऐकणाऱ्याला अधिक जागरूक करते की केवळ गुंगवते, हाच खरा निकष होय. या निकषावर नोनो यांची रचना माघार ठरत नाही. घोषणा थांबल्यानंतरही ऐकण्याची जबाबदारी संपत नाही, ही जाणीव ती देते. तिच्यातील शब्द मात्र श्रोत्यापर्यंत पोहोचत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.