परतीची सही

आखातातील परक्याचे जीवन सांगणारी दोन पुस्तके आम्ही यंदाच्या उन्हाळ्यात उंब्रजच्या मुक्कामात एकामागून एक वाचली. पहिले डॉ. उज्ज्वला दळवी यांचे ‘सोन्याच्या धुराचे ठसके’. दुसरी मल्याळम लेखक बेन्यामिन यांची २००८ सालची कादंबरी ‘आडुजीवितम्’, जी आम्हांस इंग्रजी अनुवादातून वाचावी लागली. त्यांची तुलना करावी असे आधी मनात नव्हते. आम्ही उतरलो होतो त्या घराचे शेजारी कित्येक वर्षे सौदीत ट्रक चालवून परतलेले. दळवी यांचे पुस्तक त्यांनी दोन दिवस ठेवून घेतले, परत देताना मनापासून वाखाणले आणि मग विचारले, “डॉक्टरीणबाई गावी यायच्या तवा सही कुणाची घ्यायच्या?”

हा प्रश्न आमच्या प्रवासवर्णनांच्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. आपला प्रवासी स्वखर्चाने जातो आणि मनात येईल तेव्हा परततो. पोटासाठी परदेशी राहणाऱ्याचे तसे नसते. सौदीत कफीलाच्या, म्हणजे मालकाच्या, संमतीवाचून देश सोडता येत नसे. मार्च २०२१ मध्ये खाजगी क्षेत्रातील कामगारांसाठी हे बंधन सैल झाले. घरकामगार, घरचे ड्रायव्हर आणि मेंढपाळ मात्र त्या सुधारणेबाहेरच राहिले. डॉक्टर असो वा गुराखी, परदेशी माणूस मालकाच्या कागदावरच तेथे येई. फरक पडे तो मालक कोण, यात.

दळवी यांनी सौदीत डॉक्टर म्हणून दीर्घकाळ काढला. स्त्रियांचे आणि पुरुषांचे जग जेथे इतके वेगळे, तेथे स्त्री-डॉक्टरला मिळणारा प्रवेश कोणाही पुरुष प्रवाशाला दुर्लभ. पुस्तकाचे नावही नेमके आहे : सोन्याची झळाळी आणि घशाला लागणारा धूर, दोन्ही त्यात आले. तरीही ही सुशिक्षित, सन्मानाने वागविल्या गेलेल्या व्यक्तीची नजर आहे, आणि आखातावरचे मराठी लेखन म्हणून आमच्या हाती येते ते बहुधा याच नजरेचे. हा दळवी यांचा दोष नव्हे. दुसऱ्यांनी लिहिले नाही, हा आहे.

बेन्यामिन स्वतः बहरैनमध्ये नोकरी करीत होते. त्यांचा नजीब गावी नदीत बुडी मारून वाळू काढणारा मजूर. रियाधच्या विमानतळावरून त्याला एक अरब गाडीत घालून नेतो आणि वाळवंटातील शेळ्यांच्या गोठ्यावर जुंपतो. पहिल्याच सकाळी शौचाला पाणी घेतले म्हणून त्याला मार बसतो, पाणी शेळ्यांसाठी! कृष्णा-तारळीच्या संगमावर बसून ते पान वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले. पलायनाचा भाग मात्र आम्हांस सैल वाटला. वाट दाखविणारा इब्राहिम कादिरी देवदूतासारखा येतो आणि तसाच नाहीसा होतो. श्रद्धाळू वाचकालाही ते पुरेसे वाटू नये. पण तुरुंगातील ओळखपरेड या कादंबरीचा कळस आहे. पळालेल्यांना नेण्यासाठी मालक येतात. नजीबचा मालकही येतो, त्याला पाहतो आणि पुढे जातो. का? तर हा माणूस आपल्या व्हिसावरचा नाही, असता तर फरफटत नेला असता. ज्याच्या हाती वर्षे गेली, त्याच्या कागदावर नजीब कधी नव्हताच, आणि म्हणून तो सुटतो.

हा प्रसंग आम्ही त्या शेजाऱ्यांना तोंडी सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “असं मराठीत कुणी लिहिलंय का?” आमच्या वाचनात नाही, एवढेच आम्ही सांगू शकलो.

नजीब बायकोला मनातल्या मनात पत्रे लिहितो, त्यांत गादी असते, पोटभर खाणे असते. या घरीही सौदीहून आलेल्या पत्रांचा गठ्ठा वहिनींनी ट्रंकेत जपून ठेवला आहे. वरची दोन-तीन त्यांनी आम्हांस दाखविली, सगळी खुशालीचीच. त्यांतली खरी किती, हे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही.