‘आम्ही’ आणि ‘आपण’ : वुडी गथ्री यांच्या एका गीताविषयी

२८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंडहून निघालेले एक विमान लॉस गॅटोस नावाच्या दरीत कोसळले. डाव्या इंजिनाला आग लागून पंख निखळला होता. विमानातील ३२ माणसांपैकी एकही वाचले नाही. त्यांतील तिघे विमानाचे कर्मचारी होते आणि एक सरकारच्या स्थलांतर खात्याचा रक्षक. उरलेले २८ जण मेक्सिकोचे शेतमजूर होते. त्यांत २७ पुरुष आणि एक स्त्री. त्यांना सीमेकडे परत नेण्यासाठी त्याच खात्याने हे विमान भाड्याने घेतले होते. दूर न्यूयॉर्कमध्ये बातमी छापून आली तेव्हा तीत चौघा अमेरिकनांची नावे होती. मजुरांची ओळख ‘परत पाठवले जाणारे’ एवढीच होती.

या बातमीवर लोककवी वुडी गथ्री (१९१२–१९६७) यांनी एक कविता लिहिली. सुमारे दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन या शिक्षकाने तिला चाल लावली आणि पीट सीगर यांच्यासारख्या गायकांनी ती घरोघर पोहोचवली. ‘डिपोर्टी’, म्हणजे ‘हद्दपार झालेला’, या नावाने हे गीत आज ओळखले जाते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, तेव्हा मला या गीताची आठवण झाली. त्या १०४ जणांत आमच्या गुजरातचे ३३ होते आणि महाराष्ट्राचेही तिघे. बडोद्यात आमच्या सकाळच्या फेरीत आठवडाभर हाच विषय होता. दलालाने किती लाख घेतले, बेड्या घालणे योग्य की अयोग्य, यावर पुष्कळ बोलणे झाले. परत आलेली ही माणसे तेथे कोणते काम करणार होती, हे मात्र कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

गीताकडे वळण्यापूर्वी त्यामागची व्यवस्था समजून घेणे अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धात शेतांवर माणसे कमी पडू लागली, म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला. ‘ब्रासेरो’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना १९६४ अखेरपर्यंत चालली आणि तिच्याखाली ४५ लाखांहून अधिक कंत्राटे झाली. ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. तेव्हा ब्रासेरो म्हणजे बाहूंनी काम करणारा. करारात किमान मजुरी, निवास आणि प्रवासखर्च यांची हमी होती. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापली जाई आणि ती मायदेशी मिळेल असे सांगितले जाई. असंख्य मजुरांना ती कधीच मिळाली नाही.

कराराच्या बाहेरही हजारो माणसे रिओ ग्रांदे नदी ओलांडून येत. त्यांना तुच्छतेने ‘ओल्या पाठीचे’ म्हटले जाई. कागदपत्रे नसलेला हा मजूर मळेवाल्याला अधिक सोयीचा होता, कारण तो तक्रार करू शकत नसे. हंगामात गरज पडली की अशा मजुरांना सीमेपर्यंत नेऊन कागद देत आणि त्याच मळ्यावर परत आणत. या प्रकाराला ‘सुकवणे’ असे नाव पडले होते. १९५२ च्या कायद्याने बेकायदा आलेल्याला आसरा देणे हा गुन्हा ठरवला. पण त्याला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी तरतूदही त्याच कायद्यात घातली. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, सरकारने त्याच ‘ओल्या पाठीच्या’ माणसांच्या नावाने मोठी हद्दपारीची मोहीम काढली. मालकाने जाणूनबुजून अशा माणसाला कामावर ठेवणे गुन्हा ठरायला १९८६ साल उजाडले. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला या तरतुदींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हंगामात दार किलकिले ठेवायचे, हंगाम सरला की कायदा आठवायचा. जून २०२५ मध्येही शेते आणि हॉटेले यांवरील धाडी काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करण्यात आल्या, तेव्हा हाच जुना हिशेब पुन्हा दिसला.

गथ्री यांनी हा हिशेब कोठेही मांडलेला नाही. गीताचा प्रारंभ फळांपासून होतो. पीक निघाले आहे, काही फळे सडत आहेत, संत्री रसायन टाकून फेकलेली आहेत. आणि ती तोडणारी माणसे विमानात बसवली जात आहेत. अन्न फेकून देणे आणि माणसे पाठवून देणे या दोन क्रिया कवीने शेजारी ठेवल्या आणि तो पुढे गेला. भाष्य करण्याचा मोह त्याने आवरला, ही या रचनेची पहिली शक्ती.

दुसरी शक्ती ध्रुवपदात आहे. आपल्या अभंगात शेवटी कवीची नाममुद्रा येते. येथे कवीचे नाव कोठेच नाही. ध्रुवपदात निरोप दिला जातो तो मजुरांना, आणि तोही नावे घेऊन. ज्यांची नावे बातमीत नाहीत त्यांना नावानेच हाक मारायची, एवढे साधे उत्तर कवीने वृत्तपत्राला दिले आहे.

परंतु मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते ते गीतातील प्रथमपुरुषी सर्वनाम. मधल्या कडव्यांत बोलणारा मजूर आहे. त्याच्या आजोबांनी ती नदी ओलांडली होती. आमच्यातील काही बेकायदा आहेत, काहींचे कंत्राट संपले आहे, असे तो सांगतो. शेवटच्या कडव्यात मात्र प्रश्न येतो की फळबागा पिकवण्याची हीच का उत्तम रीत? हा प्रश्न विचारणारा आता मजूर राहिलेला नाही. तो फळे खाणारा, बागांचा अभिमान बाळगणारा देश आहे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच सर्वनाम आहे, म्हणून हा बदल कानाला जाणवत नाही. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. गीत ‘आम्ही’पासून निघून ‘आपण’पाशी पोहोचते. मजुराचे श्रम आत घ्यायचे आणि मजूर बाहेर ठेवायचा, या राजकारणाला याहून नेमके उत्तर मी वाचलेले नाही.

कवीला ही दृष्टी कोठून लाभली असावी? गथ्री ओक्लाहोमाचे. १९३० नंतरच्या दशकात धुळीच्या वादळांनी आणि मंदीने त्या भागातील शेतकरी देशोधडीला लागले आणि कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागले. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर जाऊन अशा निर्धन देशबांधवांना परत फिरवले होते. स्वदेशातच परका ठरण्याचा अनुभव गथ्री यांच्या माणसांनी घेतला होता. म्हणून मेक्सिकन मजुराचा ‘आम्ही’ त्यांच्या तोंडी उसना वाटत नाही.

गीतात उणिवा नाहीत असे नाही. ध्रुवपदातील नावे त्या २८ जणांची नाहीत. ती नेहमीची स्पॅनिश नावे आहेत, कारण कवीलाही खरी नावे ठाऊक नव्हती. शिवाय फ्रेस्नो शहरातील स्थानिक वृत्तपत्राने त्या वेळी कळलेली नावे छापली होती. तेव्हा सर्वांनीच ती गाळली हा समज बरोबर नाही. गीताचा रोख बातमी देणाऱ्यावर अधिक आणि कंत्राट देणाऱ्यावर कमी आहे, हीदेखील मला त्याची मर्यादा वाटते. तरीही मूळ आरोप टिकतो. फ्रेस्नोच्या दफनभूमीत या २८ जणांना एकत्र पुरले आणि वरच्या पाटीवर ‘विमान अपघातात मरण पावलेले २८ मेक्सिकन नागरिक’ एवढाच मजकूर राहिला. टिम हर्नांडेझ हे लेखक आणि इतर काहीजण यांच्या खटपटीने २०१३ मध्ये तेथे अठ्ठाविसांची नावे कोरलेला दगड बसला. मध्ये ६५ वर्षे गेली. तेवढा काळ या माणसांची आठवण गीताने, चुकीच्या नावांनी का होईना, जागी ठेवली.

येथे एक आठवण सांगणे भाग आहे. १९८७ च्या दुष्काळात पंचमहाल जिल्ह्यात मी नायब मामलतदार होतो. तळे खोदण्याच्या कामावर दरड कोसळून दोन मजूर दगावले. मी त्याच रात्री अहवाल पाठवला : ‘मजूर मयत दोन. काम पूर्ववत सुरू.’ दोघांची नावे हजेरीपटावर होती, मी ती वाचली होती. अहवालाच्या नमुन्यात नावासाठी रकाना नव्हता, म्हणून मी ती लिहिली नाहीत. आज आठवू म्हटले तरी आठवत नाहीत.

कोणत्याही राष्ट्राला आपली हद्द राखण्याचा अधिकार आहे, हे मी मानतो. असे कायदे राबवण्यातच माझी हयात गेली. पण ज्याच्या हातची फळे आपण खाल्ली त्याला परत पाठवताना त्याचे नाव विसरण्याचा अधिकार कायद्याने कोणाला दिलेला नाही. आमच्या वाचनमंडळासाठी या गीताचा भावानुवाद करायला घेतला आहे. मधली कडवी ‘आम्ही’ने सहज उतरली. शेवटच्या कडव्यापाशी दोन दिवस अडलो, आणि मग तेथे ‘आपण’ लिहिले.