आमची निवड समिती

नेरूळच्या आमच्या सोसायटीत वॉचमन निवडायला तीन सभा लागतात. भारताचा संघ मात्र आम्ही जिना चढता चढता निवडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये महिला क्रिकेट विश्वचषकाच्या पंधराजणींत शेफाली वर्माचे नाव नाही म्हटल्यावर मीच म्हणालो होतो, "बरं झालं! पोरगी फार धसमुसळी खेळते." माझी पसंती प्रतिका रावलला. तिने ३०८ धावा काढून माझी अब्रूही राखली. पण बांगलादेशविरुद्ध, आमच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर, चेंडू अडवताना तिचा पाय मुरगळला आणि बदली म्हणून शेफाली आली. त्याच मैदानावर फायनलला तिच्या ८७ धावा, वर दोन बळी!

"निवड समितीला काही कळतं का?" मी गरजलो.

"ऑगस्टात शाबासकी कोण देत होतं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मला टोचले ते वेगळेच. प्रतिका जल्लोषात आली ती व्हीलचेअरवरून, आणि पदकाविना. नियम असा, की पदके शेवटच्या यादीतल्या पंधराजणींनाच! आमच्या कचेरीत आजारी कारकुनाचा बोनस बदलीवाल्याला दिला असता, तर युनियनने साहेबाला घेराव घातला असता. पुढे मिळाले म्हणा तिला पदक. पण पंगत उठल्यावर.