खटका आणि मूठ : लोकप्रिय कथेतील खिशातला चाकू

मराठीत नुसते ‘रामपुरी’ म्हटले की उत्तर प्रदेशातले शहर डोळ्यांपुढे येत नाही. मुठीतून उघडणारे पाते येते आणि त्याच्याही आधी खटक्याचा आवाज. आपल्यापैकी बहुतेकांनी हा आवाज गल्लीत नव्हे, चित्रपटगृहात ऐकलेला आहे. तिथे खिशातल्या चाकूला बहुधा एकच काम असते. ज्याच्या हातात तो उघडतो त्याची जातकुळी तो सांगतो. मग संवादाची गरज उरत नाही. प्रश्न असा की, प्रेक्षकाने विनातक्रार स्वीकारलेली ही खूण कोणी तपासून पाहिली आहे काय?

यश चोप्रांच्या ‘वक्त’मधला (१९६५) प्रसंग अनेकांना पाठ आहे. मदन पुरीचा बलबीर चाकू काढतो. राजकुमारचा राजा तो शांतपणे काढून घेतो आणि हे मुलांचे खेळणे नव्हे, हात कापेल, अशा अर्थाचे बोलतो. या वाक्यावर टाळ्या पडतात. पण राजाही चोरच आहे आणि दोघांचा शेठ एकच आहे. फरक सुटाचा आणि आवाजाचा. बलबीरच्या हातात असेतो चाकू त्याचा हिणकसपणा दाखवतो. राजाच्या हाती येताच तोच चाकू त्याची ऐट ठरतो. वस्तू तीच, पण हात बदलला की तिचा अर्थ बदलतो. चित्रपट या बदलाचा उपयोग करून घेतो, त्याच्याविषयी विचार मात्र करत नाही.

मार्क ट्वेनने तो विचार सुमारे नव्वद वर्षे आधी केला होता. टॉम सॉयरच्या पहिल्या कादंबरीत (१८७६) मेरी त्याला साडेबारा सेंटांचा बार्लो चाकू बक्षीस देते. तो धड काही कापत नाही, तरी टॉम हरखून जातो. घरंदाज मुलाच्या खिशातला चाकू म्हणजे बालपण. त्याच कादंबरीत, स्मशानात, दारुडा मफ पॉटर आपला कमानीचा चाकू काढतो तो दोरीचे लोंबते टोक कापायला. पुढच्या झटापटीत तो बेशुद्ध पडतो, जो त्याच चाकूने डॉक्टरचा खून करतो आणि चाकू पॉटरच्या हातात ठेवतो. गावाला एवढे पुरते. गावातल्या मुलांचे पतंग सांधून देणारा हा माणूस फाशीच्या उंबरठ्यावर पोचतो, कारण चाकू त्याचा आहे. अर्थात ट्वेनचीही मर्यादा आहे. पॉटरला सोडवताना त्याने दोष मिश्रवंशीय जोच्या माथी ठेवला आणि त्याचे दुष्टपण त्याच्या रक्तात शोधले. एक पूर्वग्रह मोडायला त्याला दुसरा लागला.

हा प्रश्न शेवटपर्यंत नेला तो सिडनी ल्युमेटच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ने (१९५७). झोपडवस्तीतल्या मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. नक्षीदार मुठीचा खटक्याचा चाकू त्याने विकत घेतला होता. खिशाच्या भोकातून तो पडला, असे तो सांगतो. असा चाकू दुसरा नाही, हा सरकारपक्षाचा आधार. आठवा ज्युरर स्वतःच्या खिशातून तसाच चाकू काढून टेबलात रोवतो. मुलाच्या घराजवळच्या दुकानात तो सहा डॉलरना मिळाला होता. असे चाकू घेणे बेकायदा आहे, हे तो मान्य करतो. म्हणजे खटक्याचा चाकू या वेळी एका सभ्य वास्तुशास्त्रज्ञाच्या खिशात होता, आणि आपल्याला त्याची शंकाही आली नव्हती.

मात्र माझ्या मते चित्रपटाचा खरा कणा पाचवा ज्युरर आहे. जखम वरून खाली गेलेली, मुलगा बापापेक्षा सात इंचांनी बुटका. इतरांची चर्चा उंचीवर चालते. झोपडवस्तीत वाढलेला हा माणूस चाकू हातात घेतो आणि सांगतो : हा चाकू सरावाचा माणूस खालून वर चालवतो, वरून मारायचा तर उघडल्यावर मूठ बदलावी लागते, तेवढा वेळ कोण घालवेल? ज्या माहितीची त्याला लाज वाटत होती तीच इथे पुरावा ठरते. आतापर्यंत चाकू गरिबाविरुद्ध साक्ष देत होता. प्रथमच गरीब माणूस चाकूविषयी साक्ष देतो.

अमेरिकेने पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आणली. बासू चटर्जींनी ‘एक रुका हुआ फैसला’त (१९८६) ही कथा हिंदीत आणली, तेव्हा आपल्याकडून ज्युरी हद्दपार झालेली होती. तरीही चित्रपट परका वाटत नाही, कारण वस्तीवरून माणूस ओळखण्याची सवय आपल्यालाही आहे.

२०२३ मध्ये रामपूरने आपल्या एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला. चित्रपटाने ज्या वस्तूवर डाग लावला ती शहराने अभिमानाने पुन्हा आपलीशी केली, हे योग्यच. पण तिथेही दिसते ते पाते. ते घडवणारा हात दिसत नाही. आपल्या गुन्हेकथा आणि चित्रपट वाचताना समीक्षकानेही खटक्याच्या आवाजावर थांबू नये. मूठ कोणाच्या हातात आहे आणि तो हात त्याआधी काय कापत होता, हे विचारावे.