‘मंडळी’ आणि पाणी : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील आधाराचे स्वरूप

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी झालेली आहे. एक तर त्यातील धर्ममताचे खंडनमंडन तपासले जाते. किंवा त्या मताकडे काणाडोळा करून केवळ भाषेच्या साधेपणाची, विनोदाची व प्रांजळपणाची वाखाणणी होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाच्या वाट्याला दुसरा प्रकार इतका आला आहे की, हा एका धर्मांतराचाही वृत्तांत आहे ही गोष्ट टीकाकार जणू सौजन्याने विसरतात. या दोन्ही पद्धतींत एक महत्त्वाचा प्रश्न निसटून जातो. स्वकीयांपासून तुटलेल्या माणसाला ख्रिस्ती समाजात जो आधार मिळाला, त्याचे स्वरूप कोणते? तो नव्या सिद्धांताने दिला की नव्या माणसांनी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार प्रथम एका शब्दाच्या, व नंतर काही ग्रंथांच्या अनुरोधाने करावयाचा आहे.

(१)

नव्या करारातील ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ बोलावून एकत्र आणलेली सभा असा आहे. मराठी बायबलात त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द रूढ झाला. ‘सभा’, ‘समाज’, ‘संघ’ हे शब्द भाषेत उपलब्ध असता हाच शब्द टिकला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. घरची मंडळी, भजनी मंडळी, नाटक मंडळी, पानावर बसलेली मंडळी असा या शब्दाचा संचार आहे. जुन्या बोलण्यात तर गृहस्थ आपल्या पत्नीचाही उल्लेख याच शब्दाने करीत. ‘सभा’ या शब्दाहून त्याचा भेद एका साध्या प्रयोगात दिसतो. ‘मंडळी, बसा’ असे आपण म्हणतो. ‘सभा, बसा’ असे कोणी म्हणत नाही. सभा बरखास्त होते, मंडळी उठून घरी जातात. पहिला शब्द व्यवस्थेचा वाचक आहे, दुसरा समोर असलेल्या माणसांचा.

ख्रिस्ती मराठीत ‘मंडळी’ हा एकवचनी, संस्थावाचक शब्दही झाला. अमुक गावी मंडळी स्थापन झाली, असे प्रयोग तेथे सर्रास आढळतात. तथापि पारिभाषिक अर्थ जडल्याने घरगुती अर्थ नाहीसा झाला नाही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात शेजारी नांदू लागले. भाषांतरकारांनी हे हेतुपुरस्सर साधले असे म्हणण्याचे कारण नाही. शब्द योजणाऱ्याचा हेतू आणि बोलणाऱ्यांच्या तोंडी त्या शब्दाला मिळणारे आयुष्य या भिन्न गोष्टी आहेत, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही घेण्यासारखे आहे. ‘सोझेइन’ या ग्रीक क्रियापदात रोगातून बरे करणे व पापातून तारणे हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. मराठीत मात्र संदर्भाप्रमाणे कोठे ‘बरे करणे’ तर कोठे ‘तारणे’ असे म्हणावे लागते. मूळ भाषेत जे एक होते ते येथे दुभंगले. देहाचे व मनाचे दुखणे एकीकडे गेले, मोक्षाची चर्चा दुसरीकडे. माझे प्रतिपादन असे की, मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील उत्तम भागात ही फाळणी पुन्हा बुजविली जाते, आणि ती सिद्धांताच्या योगाने नव्हे, तर ‘मंडळी’च्या योगाने बुजविली जाते.

(२)

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून क्रमशः भागांनी प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी लेखिकेच्या वडिलांचे विलक्षण सोवळे आहे. हा भाग सामान्यतः विनोदाचा नमुना म्हणून उद्धृत केला जातो, आणि विनोद तेथे आहेच. परंतु या सोवळ्याचे मूळ १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर आलेल्या आपत्तीत आहे, याकडे दुर्लक्ष होते. हा मनुष्य केवळ कर्मठ नाही, तो घायाळ आहे. आणि जखमेवर त्याने शोधलेला उपाय म्हणजे पाणी. प्रत्येक वस्तू धुवावयाची, प्रत्येक स्पर्श धुऊन काढावयाचा. या उपायाने दुःख शमत नाही, फक्त माणसे दूर होतात, आणि त्याची झळ घरातील बायकामुलांना लागते.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंपुढे नेमका हाच उपाय वाढून ठेवलेला होता. पती जिवंत असून नसल्यासारखा. आधीच्या वर्षांतील अपत्यवियोग. नातलगांच्या आश्रयाने काढलेले दिवस. पुढे त्या पतीकडे परत आल्या, परंतु आल्याबरोबर ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपला आचार त्यांनी सोडला नाही. बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये, राहुरी येथे. या मधल्या काळाचे वर्णन हा ग्रंथाचा कणा होय.

त्या वर्णनात वादविवाद फारसा नाही. टिळक हे मोठे कवी व वक्ते असूनही त्यांच्या युक्तिवादाने पत्नीचे मन पालटले असे ग्रंथ सांगत नाही. पालटते ते आधी जातीविषयीचे मत. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, असा लक्ष्मीबाईंचा निश्चय होतो. आणि तो निश्चय कोणत्याही कबुलीपत्राआधी कृतीत उतरतो: ज्यांच्या हातचे पाणी वर्ज्य होते त्यांच्या हातचे पाणी त्या घेतात. येथे धुण्याच्या पाण्याची जागा पिण्याच्या पाण्याने घेतली. बापाने जे पाणी माणसे दूर सारण्यासाठी वापरले, तेच लेकीने माणसे जवळ करण्यासाठी ओठाला लावले. बाप्तिस्म्याचे पाणी त्यानंतर येते, आणि ते या दुसऱ्या पाण्यावर केवळ मोहोर उमटविते. ग्रंथाच्या रचनेतील हा क्रम योगायोगाचा मानला, तर त्याचा अर्थच हरवतो.

पुढील भागांत टिळकांचे घर हीच एक मंडळी होते. दुष्काळाने, प्लेगाने वा नशिबाने निराधार झालेली मुले तेथे येतात, पाहुणे येतात. बालकवी ठोंबऱ्यांसारखा ख्रिस्ती नसलेला कवीही त्या घरी घरच्यासारखा राहतो. लक्ष्मीबाई या घराचे गुणगान करीत नाहीत. पैशाची ओढाताण, पतीचा लहरी औदार्याचा स्वभाव, रोजची भांडणे सारे काही त्या सांगतात. आधार मिळाला असे त्या क्वचितच म्हणतात. ज्या स्त्रीस एकेकाळी दुसऱ्याच्या आश्रयाने राहावे लागले ती आता दुसऱ्यांना आश्रय देत आहे, एवढे दाखवितात. बरे होणे याचा याहून विश्वसनीय पुरावा वाङ्मयाला देता येईल असे वाटत नाही.

(३)

तुलनेसाठी दोन नावे घेणे इष्ट आहे. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात संशय, वाचन व वाद यांच्या पायऱ्यांनी मन चढत जाते. मंडळी ही त्या प्रवासाच्या अखेरीस लाभणारी वस्तू आहे. मात्र त्यांच्याच ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कथेत विधवांच्या हालांचे चित्रण करताना त्यांना युक्तिवाद अपुरा पडतो, आणि पीडितेला उत्तर नको, माणूस हवा, ही जाणीव तेथे डोकावते.

पंडिता रमाबाईंच्या ठायी ही जाणीव संस्थेचे रूप घेते. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघाले. पुढे दुष्काळातील स्त्रिया व मुली केडगावच्या मुक्तिसदनात आल्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. ते अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे म्हणून, स्वतः संस्कृत पंडिता असूनही, त्यांनी शब्द शक्य तितके सोपे ठेवले. आणि छपाईचे काम तेथील स्त्रियांच्याच हाती दिले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये ते पूर्ण बायबल बाहेर पडले. ज्या शब्दाने धीर द्यावयाचा तो शब्द घेणारीच खिळ्याखिळ्याने जुळविते, अशी ही घटना आहे. येथेही सांत्वन म्हणजे ऐकण्याची गोष्ट नसून सहभागाची गोष्ट आहे.

(४)

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वाजवी आहे. वर घेतलेली दोन्ही आत्मकथने वरिष्ठ मानलेल्या जातींतून आलेल्यांची आहेत. ज्यांना गमावण्यासारखे घराणे होते, त्यांना मंडळी हे गमावलेल्याचे प्रतिदान वाटले. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांत बहुसंख्य महार व मांग समाजांतील होती. त्यांच्या दृष्टीने पाणी स्वीकारण्याचा प्रश्न निराळा होता. ते देणाऱ्याच्या बाजूस होते, आणि त्यांनी दिलेले पाणी कोणी घेतले याचे वर्णन त्यांच्या लेखणीने त्या काळी झाले नाही. जातिभेद मंडळीच्या दाराशी थांबला असेही नाही. म्हणून लक्ष्मीबाईंचा अनुभव हा सर्व ख्रिस्ती समाजाचा अनुभव होय असे मानणे सदोष ठरेल.

शिवाय मंडळी ही संस्थाही असते, आणि संस्थेत अधिकार, पगार व परदेशी नेतृत्व यांचा ताण असतो. स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांसही स्थान होते. ‘मंडळी’ या शब्दातील संस्थावाचक अर्थ अवजड झाला तेव्हा त्यातील घरगुती अर्थ वाचविण्यासाठी केलेला हा प्रयत्न, असे त्याचे वर्णन करता येईल. १९१९ मध्ये टिळक वारले, आणि तो प्रयत्न त्यांच्या कल्पनेइतका फैलावला नाही. तथापि मंडळीवर टीका करणाराही दुसरी मंडळीच उभारतो, एकांतात जात नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

१८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला. जमीन, घर, दागिने यांवरील हक्क कायद्याला राखता आला. पंगतीतले पान, दुखण्यात उशाशी बसणारे माणूस, हाक मारावयाचे नाते या गोष्टी त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्या कक्षेबाहेरच्या प्रदेशाचा वृत्तांत मराठीत या आत्मकथनांनी लिहून ठेवला आहे. त्यांचे मूल्यमापन करताना लेखकाने कोणते मत स्वीकारले, एवढे पाहून भागणार नाही. त्याने कोणाच्या हातचे पाणी घेतले, आणि त्याच्या हातचे कोणी घेतले, हेही पाहिले पाहिजे. तसे पाहिल्यास ‘स्मृतिचित्रे’तील विनोद आणि श्रद्धा यांची जी फारकत आपण आजवर करीत आलो, ती करण्याचे कारण उरत नाही. पानावर बसलेल्या मंडळीत दोन्ही एकाच पंक्तीला असतात.